यादीत किलोचा दर लिहा

मॉलमधल्या किराण्याची यादी तिथल्या फळ्यांच्या क्रमाने लावली की वेळ वाचतो, ते अगदी खरं. पण ‘मोठा पॅक स्वस्तच पडतो, डोळे झाकून घ्या’ असं जे सांगतात ते आम्हाला पटत नाही. आम्ही यादीत प्रत्येक वस्तूपुढे मागच्या खेपेचा दर लिहितो, पाकिटाचा नाही, किलोचा. हल्ली एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत तो छापलेलाच असतो. गोम अशी, की किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅममागे आणि किलोच्या वरच्यावर किलोमागे. समजा, अर्ध्या किलोच्या डाळीवर 0.16 रुपये आणि दोन किलोच्या पॅकवर 168 रुपये आहे. पहिल्याला हजाराने गुणा, 160 होतात. म्हणजे इथे लहान पाकीटच स्वस्त!

तेलात तर जास्तच फसगत. लिटरभर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, पण त्याच्याच शेजारी 850 आणि 800 ग्रॅमच्या पिशव्या, दिसायला जुळ्या बहिणी. त्यामुळे यादीत ‘तेल 5 पिशव्या’ न लिहिता ‘साडेचार किलो’ लिहायचं. ठाण्यातल्यांसाठी आणखी एक: हे किलोचे दर हाताशी असले की जांभळी नाक्याच्या बाजारातल्या सुट्या डाळी, गूळ, मिरचीचा भाव लगेच ताडून बघता येतो. आमच्याकडे सासूबाई तिथे जाताना मॉलची जुनी यादीच पर्समध्ये टाकतात. साबण-पावडर मात्र मॉलमधूनच, ते ओझं नाक्याच्या गर्दीतून कोण वाहणार?