एकेरी हाक आणि वस्त्यांची नावं
गावाकडं सगळेच अरे-तुरे करतात, त्यात अपमान नसतो, आपुलकी असते असं एकेरी हाकेवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते घरच्यांपुरतं पटतं, आईला आपण एकेरीच बोलतो. पण गावात ही आपुलकी एकाच बाजूनं चालायची त्याचं काय? शाळकरी पोरगं सत्तरीच्या गड्याला नावाला 'या' लावून (राम्या, गण्या अशी) हाक मारायचं आणि तो म्हातारा त्याला 'मालक' म्हणायचा, हे मी लहानपणी कितीदा ऐकलंय, अजून वाईट वाटतं. उलटं झालेलं कधी बघितलं नाही.

आणि हाकांवर एवढं बोलणं झालं, वस्त्यांच्या नावांचा विषय कुणीच काढला नाही. महारवाडा, मांगवाडा हे पत्त्यातच असायचं, म्हणजे पोरानं शाळेत पत्ता सांगितला की जात कळलीच. राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची म्हणून. चांगलाच निर्णय, पण स्टँडवर उतरून पत्ता विचारा, बरेच जण अजून जुनंच नाव सांगतात आणि अगदी सहज सांगतात. ग्रामपंचायतीनं पाटी तर लावावीच, पण आपणही बोलताना नवीन नाव वापरायला काय हरकत आहे?