नगरपरिषदेच्या नाट्यगृहासाठी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार निवडला जात आहे. कोणत्या अटींचा आग्रह धरावा?

पेठेतला प्रेक्षक

नमस्कार. आमची नगरपरिषद ब वर्गातली आहे. गावात नाटक लागते ते शाळेच्या मैदानावर मांडव घालून किंवा मंगल कार्यालयात, आणि पावसाळ्याचे चार महिने तेही बंद असते. आता सुमारे ७०० आसनांच्या नाट्यगृहाला प्रशासकीय मान्यता मिळाली असून अंदाजपत्रक २० कोटी रुपयांच्या घरात आहे. बांधकाम विभागात नगर अभियंत्यांसह तिघेच अभियंते आहेत आणि गावातले रस्ते, गटारे, पाणीपुरवठा या सगळ्यांचा भार त्यांच्यावरच आहे. त्यामुळे या कामासाठी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे सर्वजण ज्याला पीएमसी म्हणतात तो, नेमायचे ठरले आहे. निविदापूर्व बैठक पुढच्या आठवड्यात आहे आणि आमच्या नाट्यमंडळाने लेखी सूचना द्याव्यात, असे मुख्याधिकाऱ्यांनी स्वतःहून सुचवले आहे. ही संधी आम्हाला वाया घालवायची नाही.

प्रस्ताव मागवण्याचा दस्तऐवज मी दोनदा वाचला. पद्धत दोन लिफाफ्यांची आहे, म्हणजे तांत्रिक प्रस्ताव एका लिफाफ्यात आणि दर दुसऱ्या लिफाफ्यात. तांत्रिक गुणांना ७० टक्के आणि दराला ३० टक्के भार दिला आहे. तांत्रिक १०० गुणांपैकी ४० गुण उलाढाल आणि १० कोटींवरील कामांची संख्या यांना, ३० कर्मचाऱ्यांच्या माहितीपत्रकांना, २० कार्यपद्धतीच्या टिपणाला आणि १० सादरीकरणाला आहेत. मोबदला मात्र प्रकल्पाच्या अंतिम खर्चाच्या टक्केवारीत मागवला आहे.

मी एवढ्या तळमळीने विचारतो त्याला कारण आहे. आमच्या भाजी मंडईच्या इमारतीवरही असाच सल्लागार होता. त्याचा अभियंता पंधरा दिवसांतून एकदा यायचा आणि देयकावर सही करून जायचा. पहिल्याच पावसात स्लॅब गळू लागला. आम्ही काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल मागितले तेव्हा तीन वेगवेगळ्या महिन्यांत भरलेल्या स्लॅबचे सगळे अहवाल एकाच तारखेचे आणि एकाच हस्ताक्षरातले निघाले. आज मंडईतल्या बायका छताखाली ताडपत्री बांधून बसतात. नाट्यगृहाच्या बाबतीत हे पुन्हा होऊ नये.

७०:३० हे प्रमाण योग्य आहे का? टक्केवारीतला मोबदला चालेल का? आणि दस्तऐवजात काय राहून गेले आहे?

निवृत्त उपअभियंता

आपण दस्तऐवज मुळातून वाचला, हे फार चांगले केले. माझी नोकरी इमारतींच्या कामांवर गेली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षे सल्लागारांबरोबर काम करण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की इमारत चांगली होणे हे सल्लागार कंपनीच्या उलाढालीपेक्षा साइटवर रोज उभ्या राहणाऱ्या निवासी अभियंत्यावर कितीतरी अधिक अवलंबून असते. आपल्या दस्तऐवजात त्याला वेगळे गुणच नाहीत. तो ३० गुणांच्या माहितीपत्रकांत इतर आठ-दहा जणांबरोबर मिसळून गेला आहे, आणि ज्यांची माहितीपत्रके जोडली जातात ती माणसे पुढे साइटवर येतातच असे नाही.

एक उदाहरण देतो. समजा, प्रेक्षागृहाच्या बाल्कनीचा ६० घनमीटरचा स्लॅब भरायचा आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार ५० घनमीटरपर्यंत चार नमुने आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या काही भागाला एक, म्हणजे पाच नमुने घ्यावे लागतात. एका नमुन्यात १५० मिलिमीटर बाजूचे तीन घन असतात, म्हणजे एकूण १५ घन, प्रत्येकी सुमारे आठ किलोचे. ते भरायचे, त्यांवर तारीख व खूण घालायची, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचे आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडायचे. सातव्या दिवशीचा अंदाज हवा असेल तर आणखी घन लागतात. काँक्रीट बहुधा दुपारी सुरू होते आणि रात्री उशिरा संपते. शेवटच्या गाड्या येतात तेव्हा मजूर थकलेले असतात, काँक्रीट घट्ट होऊ लागलेले असते आणि कोणीतरी त्यात पाणी ओतायला सांगतो. त्या क्षणी "ही गाडी परत जाईल" असे म्हणणारा माणूस तिथे हजर असला तरच सल्लागाराला दिलेले पैसे सार्थकी लागतात. आपल्या मंडईत नेमका तोच माणूस नव्हता. एका तारखेचे अहवाल हा त्याचाच पुरावा आहे.

म्हणून पहिली सूचना अशी द्यावी की निवासी अभियंत्याला स्वतंत्र किमान २० गुण असावेत आणि सादरीकरण संचालकांनी न करता त्या अभियंत्याने करावे. समितीने त्याला नकाशा समोर ठेवून प्रश्न विचारावेत. पुढे तो बदलायचा असल्यास नगरपरिषदेची लेखी पूर्वसंमती, तितक्याच अनुभवाचा पर्याय आणि विनासंमती बदलास दंड, या अटी करारनाम्यात असाव्यात. त्याची हजेरी नगर अभियंत्यांकडे नोंदवली जावी आणि मासिक देयक त्या हजेरीशी जोडलेले असावे.

दुसरी गोष्ट अनुभवाची. "१० कोटींवरील कामे" ही अट गृहसंकुल बांधणाऱ्यालाही गुण देते. नाट्यगृहाचे तंत्र निराळे आहे. ध्वनिरचना, वातानुकूलन, रंगमंचावरची प्रकाशयोजना, पडद्यांची यंत्रणा आणि अग्निशमन या सर्वांचे नकाशे स्लॅब भरण्यापूर्वी एकमेकांवर ठेवून तपासावे लागतात. एका सभागृहाच्या कामावर बीम भरून झाल्यावर लक्षात आले की वातानुकूलनाची डक्ट न्यायला जागाच उरलेली नाही. मग बीमखालून ती नेताना छत दीड फूट खाली आले आणि मागच्या रांगांतून रंगमंचाचा वरचा भाग दिसेनासा झाला. तेव्हा किमान एक पूर्ण झालेले प्रेक्षागृह ही पात्रतेची अटच असावी आणि समितीने ते जाऊन पाहावे. शेवटच्या रांगेत बसून पाहिल्यावर जे कळते ते पूर्णत्वाच्या दाखल्यातून कळत नाही.

आगीचा विषय तर वेगळा सांगायलाच नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी पाहिले त्यांना लाकूड, पडदे आणि विजेच्या तारा एकत्र असलेल्या वास्तूचे भय समजावून द्यावे लागत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खालच्या मंजुऱ्यांचा पाठपुरावा कोणी करायचा, हे सल्लागाराच्या कार्यकक्षेत स्पष्ट लिहून घ्या.

हिशेबनीस

उपअभियंता साहेबांनी साइटची बाजू मांडली. मी आकड्यांची मांडतो, कारण ७०:३० आणि ८०:२० यांतला फरक किती मोठा असतो हे पुष्कळदा समितीच्या सदस्यांनाही ठाऊक नसते.

समजा, "अ" या सल्लागाराला तांत्रिक ८५ गुण मिळाले आणि त्याचा दर ६० लाख आहे. "ब" ला ७४ गुण मिळाले आणि त्याचा दर ४० लाख आहे. सर्वांत कमी दराला १०० आर्थिक गुण आणि इतरांना त्या प्रमाणात, हे नेहमीचे सूत्र लावले तर "ब" ला १०० आणि "अ" ला ६६.६७ गुण मिळतात. ७०:३० धरल्यास "अ" ची बेरीज ५९.५ अधिक २०, म्हणजे ७९.५ होते; "ब" ची ५१.८ अधिक ३०, म्हणजे ८१.८ होते. काम "ब" ला जाते. तेच ८०:२० धरल्यास "अ" चे ८१.३३ आणि "ब" चे ७९.२ गुण होतात आणि निकाल उलटतो. दोन्ही प्रस्ताव तेच, दोन्ही दर तेच. निकाल ठरवला तो लिफाफे उघडण्यापूर्वी कोणीतरी लिहिलेल्या एका ओळीने.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १९२ गुणवत्ता व खर्चावर आधारित निवडीत बिगर-आर्थिक निकषांना जास्तीत जास्त ८० टक्के भार देऊ देतो. हे नियम नगरपरिषदेला आपोआप लागू होत नाहीत, पण ८०:२० ही मागणी अवास्तव नाही हे दाखवायला त्यांचा आधार उत्तम आहे. त्याहूनही सोपा उपाय म्हणजे किमान तांत्रिक गुणांची मर्यादा. ती ७५ ठेवली तर वरच्या उदाहरणातल्या "ब" चा आर्थिक लिफाफा उघडलाच जाणार नाही. आपल्या दस्तऐवजात ही मर्यादा किती आहे ते तपासा.

आता ४० लाखांचे काय होते ते पाहू. बांधकाम २४ महिन्यांचे धरले तर महिन्याला सुमारे १ लाख ६७ हजार रुपये येतात. त्यातून निवासी अभियंता, गुणवत्ता अभियंता, देयके तपासणारा अभियंता, त्यांचा प्रवास, मुख्य कार्यालयाचा खर्च आणि नफा एवढे सगळे निघायचे आहे. हा ताळेबंद बसत नाही. तो बसवण्यासाठी माणसेच कमी केली जातात, आणि मग पंधरा दिवसांतून एकदा येणारा अभियंता वाट्याला येतो. म्हणून आर्थिक प्रस्तावात प्रत्येक पदाचे महिने आणि मासिक दर स्वतंत्र लिहून मागवावेत.

टक्केवारीच्या मोबदल्याला माझा स्पष्ट विरोध आहे, विशेषतः "अंतिम खर्चाच्या" या शब्दांना. अडीच टक्के दर असेल तर २० कोटींवर ५० लाख होतात. काम वाढत वाढत २४ कोटींवर गेले तर ६० लाख. ठेकेदाराने मागितलेल्या जादा बाबी आणि ठेकेदाराच्या करारनाम्यातल्या क्लॉज ३८ खाली, म्हणजे निविदेतल्यापेक्षा, वाढलेली परिमाणे तपासून रोखणे हे ज्याचे काम, त्यालाच प्रत्येक वाढीतून उत्पन्न मिळावे ही रचनाच चुकीची आहे. ठोक रक्कम ठरवावी, ती टप्प्यांशी आणि हजेरीशी जोडावी, शेवटचे १० टक्के दोष दायित्व कालावधीसाठी, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर निघालेले दोष दुरुस्त करून देण्याच्या मुदतीसाठी, राखून ठेवावेत. मुदतवाढ झाल्यास मासिक दर मिळावा, पण विलंबाला सल्लागार स्वतः कारणीभूत नसेल तरच, आणि त्यालाही कमाल मर्यादा असावी.

सॅक्रामेंटोकर

मी मूळचा साताऱ्याचा असून कॅलिफोर्नियात सार्वजनिक इमारतींच्या बांधकाम व्यवस्थापनाचे काम करतो. इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे लागू करता येणार नाही, पण दोन गोष्टी आपल्याला उपयोगी पडतील असे वाटते.

अमेरिकेत १९७२ च्या ब्रूक्स कायद्यापासून संघराज्य सरकार वास्तुविशारद आणि अभियंते यांची निवड योग्यतेवर करते आणि मोबदल्याची वाटाघाट निवडीनंतर होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे तत्त्व राज्य आणि स्थानिक संस्थांना लागू आहे आणि त्यात बांधकाम प्रकल्प व्यवस्थापनाचा नावानिशी समावेश आहे. माझ्या मते त्यातले सर्वांत मोलाचे कलम हे, की अशी सेवा देऊ पाहणाऱ्याने स्वतःच्या आणि प्रत्यक्ष साइटवर जबाबदारी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवाचा पुरावा द्यायचा असतो: नकाशांची तपासणी, कामाचे वेळापत्रक, निविदांचे मूल्यमापन, ठेकेदारांच्या दाव्यांची छाननी या सर्वांचा. उपअभियंता साहेब जे सांगत आहेत तेच इथे कायद्यात लिहिलेले आहे.

दुसरी गोष्ट जोखमीची. इथे एका पद्धतीत बांधकाम व्यवस्थापक कमाल किमतीची हमी देतो आणि त्यावर खर्च गेला तर तो सामान्यतः त्याने सोसायचा असतो. आपला पीएमसी त्या प्रकारचा नाही. तो सल्ला देतो, तपासतो, शिफारस करतो. नुकसान झाले तर ते नगरपरिषदेचे होते. म्हणून व्यावसायिक दायित्वाचा विमा आणि चुकीच्या प्रमाणपत्रामुळे झालेल्या जादा प्रदानाची वसुली या दोन अटी करारात असणे गरजेचे आहे. मात्र दराविना निवड करण्याचा आग्रह धरू नका. त्यासाठी नंतर वाटाघाट करू शकेल असा जाणता अभियंता वर्ग नगरपरिषदेकडे लागतो, आणि आपल्याकडे तिघेच आहेत.

पेठेतला प्रेक्षक

तिघांचेही मनापासून आभार. किमान तांत्रिक गुण तपासले, ते ६० आहेत. ते ७५ करावेत, मोबदला ठोक असावा आणि निवासी अभियंत्याने स्वतः सादरीकरण करावे, असे पत्र तयार केले आहे. प्रेक्षागृहाच्या अनुभवाची अटही घातली आहे. दोन शंका उरल्या. नाट्यगृहाचे नकाशे केलेल्या वास्तुविशारदाची सहयोगी संस्थाच सल्लागार म्हणून अर्ज करणार असल्याचे ऐकतो. ते चालते का? आणि काम सुरू झाल्यावर आमच्यासारख्या नागरिकांना लक्ष कसे ठेवता येईल?

निवृत्त उपअभियंता

सहयोगी संस्थेला मज्जाव असावा, असे माझे ठाम मत आहे. नकाशातली चूक शोधून ती लेखी कळवणे हे सल्लागाराचे काम आहे, आणि स्वतःच्याच घरातल्या नकाशाविरुद्ध तो कळवणार नाही. हितसंबंधांच्या संघर्षाचे प्रतिज्ञापत्र प्रत्येक बोलीदाराकडून घ्यावे आणि त्यात वास्तुविशारद, संरचना अभियंता व संभाव्य ठेकेदार या तिघांशीही संबंध नसल्याचे नमूद असावे.

लक्ष ठेवण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम २ (ञ) वाचा. कागदपत्रांच्या प्रतींबरोबरच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क त्यात आहे. बहुतेकांना केवळ प्रतींचा भाग माहीत असतो. पण अर्ज करण्याची वेळ येण्याआधीच घन चाचण्यांचे अहवाल, झालेल्या कामाची मापे नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तिकेचा गोषवारा आणि सल्लागाराचा मासिक अहवाल नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर टाकण्याची अट करारनाम्यातच मागून घ्या. अहवालावर घन भरल्याची आणि फोडल्याची अशा दोन्ही तारखा असाव्यात.

आणि एक. निविदापूर्व बैठकीत "बघू, करू" असे तोंडी उत्तर मिळेल. त्यावर उठून येऊ नका. आपले पत्र आवक क्रमांक घेऊन द्या, बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद झाली आहे का ते पाहा, आणि ई-निविदा संकेतस्थळावर शुद्धिपत्रक प्रसिद्ध होईपर्यंत रोज तपासत राहा. शुद्धिपत्रकात आलेली दुरुस्तीच बोलीदारांना बंधनकारक असते.