पुणे विद्यापीठात एमएस्सीला नंबर लागलाय, खोली कुठल्या भागात बघू?

गोदाकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी गंगाखेडची, परभणी जिल्हा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, म्हणजे गणेशखिंडच्या मेन कॅम्पसला, एमएस्सी स्टॅटिस्टिक्सला नंबर लागला. आमच्या घरातून पुण्याला शिकायला जाणारी मीच पहिली त्यामुळे घरात विचारायला कुणी नाही. हॉस्टेलचा फॉर्म भरलाय पण सीनियर म्हणतात लिस्ट उशिरा लागते, तुझं नाव येईलच असं धरून बसू नको, बाहेर खोली बघून ठेव.

आता कुठे बघायची हेच कळेना झालंय. मामा म्हणतात सदाशिव पेठ, कारण त्यांचा मुलगा एमपीएससी करायला तिथेच होता, मेस अभ्यासिका सगळं हाताशी. मैत्रीण म्हणते वाकडला ये, तिची बहीण आयटीत आहे, बिल्डिंग नवीन आहेत. एका ब्रोकरने बाणेर आणि सूसचे फोटो पाठवलेत, म्हणतो विद्यापीठ दहा मिनिटांवर. मॅपवर बघितलं तर सांगवी, बोपोडी, खडकी, गोखलेनगर, पाषाण सगळंच जवळ दिसतंय.

बजेट सांगते, खोली आणि मेस मिळून ८ हजार, फारच ओढलं तर ९. डिपॉझिटचं अवघड आहे कारण घरी पैसा येतो सोयाबीन विकल्यावर आणि ॲडमिशन आत्ता ऑगस्टमध्ये. तो ब्रोकर म्हणतो २ हजार टोकन पाठवा, खोली धरून ठेवतो, नाहीतर जाईल. पाठवू का? आणि लॅबमधून यायला उशीर झाला तर मुलीला एकटीने परत यायला कुठला भाग बरा? पप्पांचा पहिला प्रश्न तोच आहे.

जयकरची_खिडकी

अभिनंदन गं! सगळ्यात आधी, टोकन पाठवू नकोस. न बघितलेल्या खोलीला एक रुपया द्यायचा नाही, जाते तर जाऊ दे.

मी इथेच एमए केलं आणि आता पीएचडी करतेय, म्हणजे आठ वर्षं याच भागात खोल्या बदलत काढलीत. मामांचं म्हणणं एमपीएससीवाल्यांसाठी बरोबर आहे, त्यांची अभ्यासिका मेस क्लास सगळं पेठेत आणि नवी पेठेत, ती मुलं चालत फिरतात. तुझं लेक्चर गणेशखिंडला, पेठेतून पाच सहा किलोमीटर, रोज बस बदलत येणार आणि विद्यापीठ चौकात अडकणार. २०२० ला तिथला जुना उड्डाणपूल पाडला त्यानंतर त्या चौकाने किती लेक्चर खाल्लीत ते आम्हालाच माहीत. वाकडचंही तेच.

किलोमीटर मोजू नकोस. रात्री नऊला जयकर ग्रंथालयातून निघालीस तर दार उघडेपर्यंत काय काय लागतं ते मोज. कॅम्पस चारशे एकरांच्या वर आहे, नुसतं डिपार्टमेंटपासून गेटपर्यंत यायलाच पंधरा वीस मिनिटं जातात, झाडी दाट, मधले काही रस्ते रात्री अगदी सुनसान.

माझी चूक सांगते म्हणजे तुझे पैसे वाचतील. पहिल्या वर्षी आम्ही तिघींनी सूसला वन बीएचके घेतला, डोक्यावर ३ हजार, नवीन टाइल्स, बाल्कनी, घरी फोटो पाठवले तेव्हा आईला केवढा आनंद झाला होता. मग कळलं की पाणी टँकरचं, त्याचे पैसे वेगळे, आणि बसमधून उतरल्यावर शेवटचा सव्वा किलोमीटर बांधकामाच्या पत्र्यांच्या कडेकडेने. दोन्ही बाजूला पत्रे, दिवा नाही, दुकान नाही. मी साडेपाचलाच लायब्ररीतून उठायला लागले. सहानंतरचं एकही व्याख्यान ऐकलं नाही, ग्रुप स्टडी नाही, काही नाही. पाच महिन्यांत खोली सोडली, पण ते सेमिस्टर गेलं ते गेलंच.

नंतर गोखलेनगरला एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. दहा बाय दहा, वर पत्रा, एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही, संडास जिन्याखाली. पण मेन गेटमधून बाहेर पडायचं, चौक ओलांडून सेनापती बापट रस्त्याला लागायचं, चतुःशृंगीवरून पुढे वर वळायचं, आणि वळल्यावर साडेनऊलाही इस्त्रीवाल्याचा दिवा चालू, डेअरी उघडी, वडापावच्या गाडीवर पोरं उभी. महिन्याभरात ती माणसं मला ओळखायला लागली. एकदा पावसात लाइट गेली तर डेअरीवाल्या काकूंनी मुलाला टॉर्च घेऊन दारापर्यंत पाठवलं. दोन वर्षं राहिले तिथे.

तर माझं मत गोखलेनगर. पण माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नको, ये आणि त्याच वेळेला तो रस्ता स्वतः चालून बघ.

बीडचा_पाहुणा

खडकी बाजार आणि बोपोडीचं पण बघा. मी तिथे कॉट बेसिसवर होतो, या भागात सगळ्यात स्वस्त तेच पडलं मला. लोणावळा लोकल खडकीला थांबते, मेट्रोचं बोपोडी स्टेशन आहे, आणि आपल्याकडच्या ट्रॅव्हल्स पहाटे संगमवाडीला सोडतात तिथून खडकी जवळ, बॅगा घेऊन रिक्षाला फार द्यावे लागत नाहीत. एक मात्र खरं सांगतो, खडकी गेटच्या बाजूचा कॅम्पसमधला रस्ता रात्री अंधाराचा. मला चालायचं, माझी बहीण असती तर मी तिला एकटीला सांगितलं नसतं, दोघी तिघी मिळून असाल तर गोष्ट वेगळी.

कॉट बेसिस म्हणजे एक कॉट, एक कप्पा, बाकी सगळं सामायिक. बघायला गेलात की भाडं नंतर विचारा, आधी विचारा किती जणींत एक बाथरूम आणि पाणी किती ते किती. आमच्याकडे सकाळी सहा ते आठ पाणी आणि अकरा पोरं. पहिलं लेक्चर कायम बुडायचं.

मेसचा हिशेब करताना रविवार रात्र धरा, बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. चार रविवार बाहेर खाल्लं, दोनदा चहा बिस्कीट, असं करत महिन्याला हजार कधी जातात कळत नाही. कॅम्पसमध्ये रिफेक्टरी, म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ आहे, दुपारचं तिथे स्वस्तात होतं.

सांगवीचा_काका

बाळ, मी घरमालक आहे, नवी सांगवीत माझ्या दोन खोल्या गेली बारा वर्षं विद्यार्थ्यांना देतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

सांगवी, पिंपळे गुरव हा भाग पिंपरी चिंचवड महापालिकेत येतो, औंधपेक्षा भाडं बरंच कमी, मधे फक्त मुळा नदी. मुली आमच्याकडून सांगवी फाट्याला येतात आणि औंधवरून ब्रेमेन चौकातून विद्यापीठाला जातात, बस सारख्या असतात. पण जुन्या सांगवीत नदीकडेला खोली बघत असशील तर तळमजला घेऊ नकोस. एका बाजूला पवना एका बाजूला मुळा, वर धरणातून पाणी सोडलं की सखल भागात घरात पाणी येतं, आमच्या ओळखीच्या पोरांच्या पुस्तकांचा लगदा झालेला मी डोळ्यांनी बघितलाय. ब्रोकर हे सांगणार नाही. शेजारच्या किराणावाल्याला विचार, मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हात करून भिंतीवरची खूणच दाखवेल.

दुसरं भाडेकराराचं. काही मालक म्हणतात विद्यार्थी आहात, कशाला करार, वहीत लिहून ठेवू. ऐकायचं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. आता तर ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा, घरी येऊन करून जातात. तुम्ही दोघी तिघी राहणार असाल तर करारात सगळ्यांची नावं घाला, एकीच्या नावावर करू नका. पोलीस व्हेरिफिकेशनही मालकानेच करायचं असतं, त्याला घाबरायचं काही कारण नाही.

डिपॉझिट दोन हप्त्यांत देते म्हणून स्पष्ट विचार. मी तरी शेतकऱ्यांच्या मुलांना दिवाळीपर्यंत थांबतो, आणि असे मालक बरेच आहेत, विचारल्याशिवाय कळत नाही. ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखा सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढ, मालक समोर असताना. सोडताना रंगाचे पैसे कापतात तेव्हा तोच उपयोगी पडतो. लॉक इन, म्हणजे मधे खोली सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आहे तेही वाचून सही कर, मधेच हॉस्टेलला नंबर लागला तर अडकशील.

गोदाकाठची

ताई, दादा, काका खूप खूप धन्यवाद. टोकन पाठवलं नाही.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. काल दोन ठिकाणी फोन केला. एका बाईंनी सगळं छान सांगितलं, मग आडनाव विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाल्या मिस्टरांना विचारून कळवते. अर्ध्या तासाने मैत्रिणीने तिच्या नावाने फोन केला तर तिला म्हणाल्या खोली रिकामी आहे, कधी येता बघायला. पप्पांना हे सांगितलं नाही मी.

वस्तीतली_पोरगी

सांगितलंस ते फार बरं केलंस. माझ्याशी पण झालंय, २०१९ मध्ये, चार वेळा, आणि चौथ्या वेळी मी जिन्यातच बसून रडले होते. तुझ्यात काही कमी नाही. ज्या घरात आडनाव ऐकून खोली भरते त्या घरात दोन वर्षं श्वास कोंडून राहावं लागलं असतं, ते पाणी भरताना पण बोलले असते.

यावर मला जो मार्ग सापडला तो सांगते. ब्रोकर आणि ॲप सोडून दे, आपल्या डिपार्टमेंटच्या सेकंड इयरच्या मुलींना गाठ. विद्यापीठाच्या आसपासच्या चांगल्या खोल्यांची जाहिरात कधी येतच नाही, एक बॅच निघाली की दुसरीच्या हातात किल्ली जाते, मालकाला माहीत असतं की ह्यांच्याच कॉलेजच्या पोरी येणार. ओपन कॅन्टीनला जाऊन बस एक दुपार आणि सरळ विचार, कुणाच्या खोलीत एक जागा आहे का. मला तशीच मिळाली, ब्रोकरेजचा एक महिनाही वाचला.

आणि पैशांचं. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असशील, हॉस्टेलला नंबर लागला नाही आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा फॉर्म भर. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात, त्यात जेवणाचे ३२, राहण्याचे २० आणि निर्वाहाचे ८ हजार, थेट खात्यात. ओबीसींना तशीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मराठा वगैरे मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. बाहेर भाड्याने राहतेस याचा कागद लागतो, म्हणून काका म्हणतात तसं करारात तुझं नाव हवंच हवं. माझ्या रूममेटचं नाव नव्हतं, तिची फाइल त्याच्यावर अडली आणि मालक नवीन करार करायला तयार होईना. ७५ टक्के हजेरी पण लागते. पैसे लगेच हातात येत नाहीत, त्यामुळे पहिलं सेमिस्टर घरच्याच बजेटमध्ये बसेल अशी खोली बघ.

पाषाण_रोड

माझं थोडं वेगळं मत आहे. घाईत वर्षाचा करार करण्यापेक्षा पहिले दोन तीन महिने शिवाजीनगर किंवा मॉडेल कॉलनीत मुलींच्या पीजीत, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून काढा, महाग पडतं मान्य, पण तेवढ्यात हॉस्टेलची लिस्ट लागते, मैत्रिणी होतात, मग चौघी मिळून घर घेता येतं. कुणी म्हणेल तोवर हॉस्टेलवर ओळखीच्या मुलीकडे पॅरासाइट, म्हणजे स्वतःचा नंबर नसताना चोरून राहा, ते करू नका, धाड पडली तर तिचीही खोली जाते.

जयकरची_खिडकी

पीजीचं बरोबर आहे पण ९ हजारात मेससकट बसत नाही ना हो, तिथेच अडतं. गोदाकाठची, येशील तेव्हा मला मेसेज कर, मी कॅम्पसमध्येच असते. आडनावाचं वाचून रात्री झोप लागली नाही मला.

गोदाकाठची

अपडेट. शुक्रवारी पप्पा आणि मी ट्रॅव्हल्सने आलो, पहाटे संगमवाडीला उतरलो. दोन दिवस राहिलो. ताई स्वतः भेटल्या, ओपन कॅन्टीनला घेऊन गेल्या, तिथे आमच्याच डिपार्टमेंटच्या एका सेकंड इयरच्या ताईच्या खोलीत एक जागा निघाली. गोखलेनगरलाच. ३८०० भाडं, दोघींत एक बाथरूम, पाणी सकाळी दोन तास पण वर टाकी आहे. डिपॉझिट १० हजार, मालकीणबाईंनी ५ आत्ता आणि ५ दिवाळीनंतर मान्य केलं. करारात दोघींची नावं टाकणार आहेत, पुढच्या आठवड्यात अंगठा द्यायला जायचंय. आडनाव मीच आधी सांगितलं. त्या म्हणाल्या बरं, आणि मेसचा नंबर लिहून दिला.

शनिवारी रात्री नऊला पप्पा म्हणाले चल आता गेटपासून चालून बघू. सगळा रस्ता ते काही बोलले नाहीत, नुसती उघडी दुकानं मोजत होते. खोलीपर्यंत सतरा झाली. मग परत मागे गेले आणि त्या इस्त्रीवाल्या दादांशी दहा मिनिटं बोलत उभे राहिले, ते निघाले जालन्याकडचे.

सोमवारपासून लेक्चर आहे. गोखलेनगर किंवा जनवाडीत रविवारी रात्री चालू असणारी मेस कुणाला माहीत असेल तर सांगा.