बेलापूरही बघा
वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचं काम म्हणजे 'श्रीमंतांची कांचनजंगा', म्हणजे मुंबईतली ती उंच निवासी इमारत, एवढंच असं कुणी म्हटलं, ते मला अजिबात पटलं नाही. कांचनजंगाच्या कोपऱ्यांतल्या दुमजली उंचीच्या गच्च्या जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यातूनच आल्या. ऊन-पाऊस अडवायचा, वारा येऊ द्यायचा. उघड्या आकाशाची तीच ओढ कोरियांनीच आखलेल्या नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत साध्या घरांसाठी आहे. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. पैसे जमले की ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलंही. काही ठिकाणी तर मूळ कौलारू घर पाडून काँक्रीटचे मजले चढले. कौलं गेल्याचं फार वाईट वाटतं, पण वाढायची मुभा मूळ आराखड्यातच होती. आणि मधल्या चौकात पोरं सायकली फिरवताना मी स्वतः पाहिली आहेत.