2011 ची डिस्कव्हरी 4 घेतली आहे. पहिला खर्च कशावर करावा?

घोडबंदरकर:
नमस्कार. गेल्या महिन्यात मी लँड रोव्हर डिस्कव्हरी 4 (तीन लिटर डिझेल, 2011, 92,000 किलोमीटर) घेतली. ठाण्यात वाघबीळला सोसायटीच्या तळघरात रात्री नेहमीच्या उंचीवर उभी केलेली गाडी सकाळी चारही बाजूंनी सारखीच खाली बसलेली असते आणि सुरू केल्यावर एअर सस्पेंशनचा (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा) कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरत राहतो. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर बॉनेटही न उघडता ‘कॉम्प्रेसर गेला’ असे सांगण्यात आले. गिअरबॉक्सचे ऑइल मात्र आयुष्यभराचे असते म्हणे. आधीच्या मालकाकडची सर्व्हिसची बिले 2017 पाशी थांबतात. पावसाळ्यापूर्वी काय करून घ्यावे?

पारसिकचा चढ:
कॉम्प्रेसरला तूर्त हात लावू नका. हवा कुठून तरी गळते आहे आणि ती भरून काढता काढता तो दमतो आहे. गळती तशीच ठेवून नवा बसवलात, तर तोही त्याच वाटेने जाईल. चारही बाजू सारख्या बसतात म्हणून चारही एअरबॅग (चाकांजवळच्या, गाडी तोलून धरणाऱ्या हवेच्या पिशव्या) खराब, असाही निष्कर्ष काढू नका, कारण ही गाडी उभी असतानाही अधूनमधून जागी होऊन सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याशी बाकीच्यांची उंची जुळवून घेते आणि खरा दोषी त्यात लपून जातो. म्हणून सस्पेंशनचा फ्यूज काढून गाडी रात्रभर ठेवा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी टेपने संध्याकाळी आणि सकाळी मोजा. गाडी जॅकस्टँडवर भक्कम टेकवल्याशिवाय खाली शिरू मात्र नका.

नेरूळ–बेलापूर:
वरील सल्ला योग्य आहे. ‘आयुष्यभराचे ऑइल’ यावर मात्र विश्वास ठेवू नका. गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आहे आणि ती स्वतः वापरानुसार 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते. फिल्टर प्लॅस्टिकच्या संपमध्येच (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातच) असल्याने तो अख्खा संप बदलावा लागतो आणि नव्या ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावरच तपासायची असते. ‘नुसते काढून भरतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

त्याहून तातडीचे म्हणजे बेल्ट. या इंजिनाला पुढे टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा) आणि मागे डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट असतो, आणि मागचा बदलायला अनेक जण विसरतात. किलोमीटर कमी असले तरी रबराचे वय होतेच, त्यामुळे बदलल्याचे बिल नसेल तर ते बदललेले नाहीत असेच धरून चाला. पुढचा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग ती दुरुस्ती राहत नाही, इंजिनच नवे शोधावे लागते. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्याही पावसाआधी मोकळ्या करा. त्या तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरातून थेट वायरिंगवर उतरते.

घोडबंदरकर:
मोजले. तीन कोपरे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उतरले, मागचा डावा मात्र 41. साबणाचे पाणी मारल्यावर त्या एअरबॅगच्या खालच्या घडीपाशी फेस हळूहळू फुगत राहिला. कॉम्प्रेसरचे पैसे तूर्त वाचले, ते बेल्टकडे वळवतो.

पारसिकचा चढ:
मागच्या दोन्ही एअरबॅग एकदमच बदला. उजवीचे वयही तेवढेच आहे. त्याच वेळी कॉम्प्रेसरच्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे पाहून घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत सतत चाललेल्या कॉम्प्रेसरमध्ये त्यांचा पांढरा भुगा होतो आणि तो व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (एअरबॅगना हवा वाटून देणाऱ्या भागात) जाऊन अडकतो. आणि पाण्यातून 700 मिलिमीटरपर्यंत जाता येते असे पुस्तिकेत असले, तरी ते नव्या गाडीचे माप आहे. जुलैत वंदना टॉकीजपाशी पाणी भरले की आपण आपले तीन हात नाक्यावरूनच परत फिरावे.

नेरूळ–बेलापूर:
एक राहिले. आरसीवरची तारीख पाहा. 2011 ची नोंदणी असेल तर 15 वर्षे 2026 मध्ये भरतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधीच्या 60 दिवसांत करता येतो, आणि त्या वेळी तपासणीबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. टायर आणि दिव्यांची कामे त्या तपासणीच्या बेताने करा.