निरक्षर रुग्णांची संमती: एथिक्स कमिटी काय पाहते?

प्रश्न: एमडीच्या प्रबंधासाठी मधुमेहींचे रक्तनमुने घ्यायचे आहेत. बरेच रुग्ण निरक्षर. एथिक्स कमिटीने (संशोधनात रुग्णांचे हक्क जपले जातात का, हे तपासणारी समिती) संमतीपत्रावर शेरा मारून प्रस्ताव परत पाठवलाय. काय सुधारू?

उत्तर १: नुसता अंगठा पुरत नाही. संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समजावून सांगताना पूर्ण वेळ हजर हवा. त्याची सही आणि तारीखही हवी. तुमच्याच चमूतली सिस्टर चालत नाही. मराठी पत्रकात रक्त किती मिली, उरलेल्या नमुन्याचं काय करणार, हे लिहा. नकार दिला तरी उपचार तेच मिळतील, हे वाक्य ठळक हवंच. गरीब रुग्णाला तीच भीती असते.

उत्तर २: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटीच्या कोरमला, म्हणजे बैठक ग्राह्य धरायला, किमान 5 सदस्य लागतात, वैद्यकीय आणि बिगरवैद्यकीय दोन्ही. बैठकीची तारीख आधी विचारा. मंजुरीपूर्वी एकही नमुना घेऊ नका, मागाहून मंजुरी मिळत नाही.