मिस्ट्राला इतकं सहज सोडू नका

'गेल स्वतःच्या हावेपायी अडकला, मिस्ट्राचा काय दोष?' हे मला अजिबात पटत नाही. 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये ती जादूची देवी, आणि गेल तिचा निवडलेला शिष्य, शिवाय प्रियकर. तिच्या तोडीचं व्हायच्या नादात त्याने छातीत तो स्फोट होऊ शकणारा विनाशक जादूई गोळा ओढवून घेतला, हे खरं. पण ती पुढे काय करते? एल्मिन्स्टरला पाठवते. तो म्हातारा जादूगार आधी खायला मागतो, मग तिचा निरोप सांगतो: मुख्य शत्रू असलेल्या अ‍ॅब्सोल्यूटच्या गाभ्याशी जाऊन स्वतःला उडवून दे, म्हणजे क्षमा मिळेल. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तसं केलं, तर गेम तिथेच संपतो!

तिची भीती खोटी नाही. कार्सस हा प्राचीन जादूगार देव व्हायला गेला तेव्हा तिच्या आधीच्या जादूदेवीला जीव द्यावा लागला होता. म्हणूनच ती मला अंधाराची देवी शार हिच्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते. शार क्रूर आहे हे लपत नाही. मिस्ट्रा चांगल्यांच्या बाजूची असून माणूस खर्ची घालते. तिसऱ्या अंकात स्टॉर्मशोअर टॅबरनॅकल या मंदिरात ती समोर येते, कार्ससने देव होण्यासाठी घडवलेला मुकुट मागते आणि त्या बदल्यात गेलला बरं करायचं कबूल करते. म्हणजे इलाज तिच्या हातात होता. मग आधी मरायला का सांगितलं?